भेगेच्या दोन कडा

प्रा. महेश्वरी बिराजदार वाईट बाई नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोलापुरात तिला ओळखणारं कुणीही हेच सांगेल. पोरांना मन लावून शिकवते, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळते, सोमवारी सिद्धेश्वराला जाते आणि येताना तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकते. पण माशांना चुरमुरे टाकताना माणूस कसा आहे ते कळत नाही. त्यासाठी त्याचं स्वतःचं काहीतरी बुडायला लागावं लागतं. महेश्वरीवर ती वेळ ऐन दसऱ्यात आली.

ती मूळची मंद्रूपची. वडिलांचं किराणा दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि दोन्हींत गणित पक्कं. इंजिनीअर झाली, लग्न होऊन सोलापुरात आली आणि गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकल शाखेला शिकवायला लागली. अकरा वर्षं झाली तरी तिची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हायची, कारण पीएचडी नव्हती. पीएचडीला नाव घातलं तेव्हा तिची मुलगी अक्षता दुसरीत होती. आता ती दहावीचे क्लास लावून बसली होती. नणंदा सणावाराला भेटल्या की विचारायच्या, "वैनी, अजून शिकताच आहात का?" महेश्वरी हसायची. आतून मात्र तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

विषयच तसा होता. हुशार संमिश्र पदार्थ म्हणून एक प्रकार असतो. काचेच्या धाग्यांचं कापड राळेत घट्ट बसवून फळी करायची आणि त्या धाग्यांमध्ये एका खास चिनी मातीच्या केसाएवढ्या काड्या पेरायच्या. या काड्या दाबल्या की त्यांतून वीज निघते. म्हणजे फळीला कुठे दुखतंय ते फळी आपणहून सांगते. विमानाच्या पंखात, पुलाच्या अंगात असली फळी बसवायची. आता अशा फळीत आधीच एक भेग असेल आणि वरून घणाचा घाव बसला, तर ती भेग किती फाकेल, कुठे पळेल आणि फळी विजेच्या भाषेत काय बोंब मारेल? हे सगळं फळी न फोडता, कॉम्प्युटरवर आकड्यांनी काढायचं. फळीचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे, भेगेच्या टोकाशी तर फारच बारीक, आणि घाव बसल्यापासून प्रत्येक क्षणाचे कोट्यवधी भाग करून एकेका भागाला सगळ्या तुकड्यांचं गणित पुन्हा मांडायचं. कॉलेजातल्या सगळ्यात मोठ्या मशीनलाही याला चार आठवडे लागणार होते.

हा विषय तिच्या नवऱ्याला कळला नाही, विभागप्रमुखांना कळल्यासारखा वाटला. एका झटक्यात कळला तो फक्त सिद्धाप्पाला.

सिद्धाप्पा म्हणजे कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. कंत्राटावरचा, साठीला टेकलेला. आधी एका सूतगिरणीत, ती बंद पडल्यावर पॉवरलूमच्या कारखान्यात असं मिळून तीस वर्षं तो जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. नुसत्या खडखडाटावरून कुठला धागा तुटणार ते सांगायचा, असा त्याचा लौकिक. लॅबमध्ये पंखे पुसायला आल्यावरही ही जित्याची खोड गेली नाही. महेश्वरीने एकदा सहज म्हणून विषय सांगितला तर तो म्हणाला, "कळलं की. ताणा-बाणाच हाय, खळ तेवडी जास्त. आन् मदनं मदनं बोलणारा धागा घातलाय. हुशार कापड म्हणा की." तेव्हापासून त्या सगळ्या संशोधनाचं नाव त्याच्या लेखी हुशार कापड.

तोही मंद्रूपकडचाच. तिच्या वडिलांच्या दुकानातून त्याने उधारीवर गूळ नेलेला. तो तिला अक्कावरे म्हणायचा. कानडीत थोरल्या बहिणीला मानाने म्हणतात तसं. चारचौघांत मॅडम म्हणा, असं तिने त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत अक्कावरे म्हणाला.

यंदाचं वर्ष शेवटचं होतं. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती, ती ऑक्टोबरअखेर संपत होती. त्याआधी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि पुढच्या जूनला नेमणूक नाही, हे प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर तिने शेवटचं मोठं गणित मशीनवर चढवलं. अशा गणितात दर काही तासांनी तोवरचं सगळं काम बाजूला साठवून ठेवायची सोय असते; मध्येच वीज गेली तरी पुढचं तिथूनच सुरू करता येतं. पण साठवण्यात वेळ जातो. महेश्वरीने ती सोय बंद केली. चार दिवस वाचतील म्हणाली. इन्व्हर्टर होता, जनरेटर होता, भीती कसली? मधूनमधून भेगेची चित्रं तेवढी निघत राहतील, एवढीच व्यवस्था तिने ठेवली.

सिद्धाप्पा रोज सकाळी येऊन पडद्यावरचा आकडा पाहायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहायचा. कारखान्यात पाळीला किती कापड उतरलं ते लिहायची सवय. महेश्वरीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट वर्गाला जाता जाता तिची नजर त्या आकड्याकडेच जायची.

बाराव्या दिवशी आकडा लिहून झाल्यावर तो पडद्यासमोरच उभा राहिला. नवं चित्र निघालं होतं. भेगेची वरची कड लाल, खालची निळी.

"अक्कावरे, हे चुकलंय वाटतं," तो म्हणाला. "ह्या दोन कडा एकमेकींत घुसल्यात की."

महेश्वरी पेपर तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"फाटकं कापड दोन्हीकडनं दाबलं तर कडंला कड भिडती," सिद्धाप्पा म्हणाला. "लई दाबलं तर चुणी पडंल. पण ह्या कडंचा धागा त्या कडंच्या पार पल्याड जाईल व्हय? लाल खाली गेलीया आन् निळी वर आलीया."

"सिद्धाप्पा, ते चित्र हजारपट फुगवून दाखवलंय. म्हणून तसं दिसतं," ती म्हणाली. "तुमचं कापड वेगळं, हे वेगळं. पंखा पुसलात का?"

"पुसतो की," म्हणून तो गेला. दुपारी स्टाफरूममध्ये तिने हा किस्सा रंगवून सांगितला. आता आमच्या शिपायाने गाइडची जागा घेतलीय म्हणाली. सगळे पोट धरधरून हसले. सिद्धाप्पा दारातच चहाचे कप गोळा करत होता. तोही हसला.

मग खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. माग बंद, करवत बंद, रिक्षासुद्धा धुऊन, झेंडू बांधून उभी. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विसावा द्यायचा आणि त्याच्या पाया पडायचं. कॉलेजातही दरवर्षी पत्रक निघायचं, ‘सर्व प्रयोगशाळांतील यंत्रे बंद ठेवून पूजन करावे.’ यंदाही विभागप्रमुखांच्या सहीने निघालं आणि सगळ्यांकडे सह्यांसाठी फिरलं. महेश्वरीनेही सही केली, न वाचता. तशी पत्रकं कोण वाचतं? आणि सणासाठी ती दोन दिवस मंद्रूपला गेली. ‘मशीन बंद करू नये’ अशी चिठ्ठी ती चिकटवून गेली होती, पण इंग्रजीत. सिद्धाप्पाला मराठी वाचता येत होतं, कानडीही येत होतं.

दसरा करून ती परतली. लॅब उघडली तर आत उदबत्तीचा वास. मशीनवर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, पुढ्यात विडा आणि सुपारी. पडदा काळा.

सिद्धाप्पा मागून हसतच आला. "नवमीला आराम दिला अक्कावरे. एकोणीस दिस एकसारकं राबत हुतं बिचारं. आता बगा कसं पळतंय. लावू का चालू?"

त्यानंतर महेश्वरी जे बोलली ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तुमची अक्कल काय मागावरच राहिली का, म्हणाली. गिरणी बंद पडली ती तुमच्यासारख्यांमुळेच, म्हणाली. माझ्या बापाच्या दुकानात उधारीवर जगलात आणि माझ्याच मुळावर उठलात, हेही म्हणाली. सिद्धाप्पाच्या हातात आपट्याची पानं होती, तिला द्यायला आणलेली. ती हातातच राहिली. तासाभरात तिची लेखी तक्रार प्राचार्यांच्या टेबलावर होती.

इथवर तिला दोष देऊ नका. आठ वर्षांचं काम डोळ्यांदेखत गेलं तर संतालाही तोंड सुटेल. गोष्ट पुढे आहे.

शनिवारी दुपारी, निदान निघालेली चित्रं तरी प्रबंधात लावता येतील म्हणून ती एकेक चित्र आणि त्यामागचे आकडे तपासायला बसली. घावाची लाट फळीतून जाते, आधी भेग फाकवते, पलीकडच्या कडेवर आपटून परत फिरते आणि येताना भेग दाबते. दाबल्यावर दोन कडा एकमेकींना भिडून थांबायला हव्यात. पण कडांनी भिडल्यावर थांबायचं असतं, हे तिने प्रोग्रॅमला सांगितलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर तो, सांगितलं नाही ते त्याला कुठून कळणार? त्याने लाल कड निळीच्या आरपार घातली आणि पुढे गणित करत बसला. चित्र हजारपट फुगवलं म्हणून काही आत न गेलेली कड आत जात नसते. दोन कडांमधल्या अंतराचा आकडाच उणे होता. बाराव्या दिवसापासूनचं सगळं गणित कचरा होतं. एकोणिसाव्या दिवशी बंद केलं नसतं तर अठ्ठाविसाव्या दिवशी कचराच पूर्ण झाला असता.

सिद्धाप्पाने तिचं काहीच बुडवलं नव्हतं. उलट उरलेले नऊ दिवस वाचवले होते, आणि चूक तर सात दिवस आधीच बोट ठेवून दाखवली होती.

महेश्वरीने पडद्यावरची चित्रं मिटली. मग तिने गाइडना फोन केला. स्वतःच्या चुकीबद्दल काही सांगितलं नाही. मुदतवाढ मिळेल का, एवढंच विचारलं. गाइड म्हणाले, तुमचीच चूक असेल तर विद्यापीठ दारात उभं करणार नाही. पण संस्थेतल्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं असेल, तसं प्राचार्यांचं पत्र असेल आणि त्या माणसावर कारवाई झाल्याची नोंद असेल, तर सहा महिने मिळतील. महेश्वरीने फोन ठेवला. तिच्यासमोर वाटा दोनच होत्या, आणि कुठली वाट कुणाला कुठे नेते ते तिला स्वच्छ दिसत होतं. सिद्धाप्पाला काचबिंदू होता. कामगार विम्याच्या दवाखान्यातून दर महिन्याला डोळ्यांत घालायचे थेंब मिळायचे. ते चुकवले तर नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. हे तिला माहीत होतं, कारण त्याच्या अर्ध्या दिवसाच्या रजेवर दर महिन्याला सही तिचीच असायची.

सोमवारी चौकशी समिती बसली. समिती म्हणजे प्राचार्य आणि विभागप्रमुख. ज्यांच्या सहीने पत्रक निघालं तेच. पत्रकाचा विषय त्यांनी काढला नाही. महेश्वरीनेही नाही.

सिद्धाप्पा धुतलेला सदरा घालून, हात जोडून उभा होता. "चूक माजीच हाय सायेब," तो म्हणाला. "माग थांबवला तरी कापड मागावरच ऱ्हातं. दुसऱ्या दिशी तितनंच म्होरं विणायचं. मला वाटलं हितं बी तसंच आसंल. आक्की हयात मागाजवळ गेली, दुसरं काय ठावं न्हाय मला."

प्राचार्य तसे मऊ होते. सणाचा दिवस, जुना माणूस, सही-शिक्क्याची ताकीद देऊन मिटवू म्हणाले. मग महेश्वरीकडे वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, यांनी बंद केलं नसतं तर तुमचं काम वेळेत पूर्ण झालं असतं ना?"

"हो सर," महेश्वरी म्हणाली.

"मग ताकीद पुरे करूया?"

"विद्यापीठाला कारवाईचं पत्र लागेल सर. नुसती ताकीद ते कारवाई म्हणून धरत नाहीत."

हे ती शांतपणे म्हणाली. सिद्धाप्पाने मान डोलावली, जणू अक्का म्हणते ते बरोबरच आहे. प्राचार्यांनी कंत्राटदाराला फोन लावला आणि काम संपलं. कंत्राटी माणूस काढायला एक फोन पुरतो. जाताना सिद्धाप्पाने लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "फळ्यावरचा आकडा पुसू का अक्कावरे?" ती म्हणाली, राहू द्या. नंतर तो तिनेच पुसला.

सहा महिने मिळाले. महेश्वरीने प्रोग्रॅममध्ये कडा भिडल्या की थांबतील अशी अट घातली. गणित पुन्हा चढवलं, या खेपेला रोजचं काम साठवत. अठ्ठाविसाव्या दिवशी ते असं सुरेख उतरलं की गाइडनी पेढे वाटायला लावले. तोंडी परीक्षेला खरगपूरच्या आयआयटीतून आलेल्या परीक्षकांना नेमका तोच भाग आवडला. पुष्कळ लोक इथे फसतात, म्हणाले, तुम्हाला हे सुचलं कसं? महेश्वरी हसून म्हणाली, "सर, आमचं सोलापूर विणकरांचं गाव. फाटक्या कापडाच्या कडा एकमेकींच्या आरपार जात नाहीत, हे आम्हाला उपजतच कळतं." दालनात टाळ्या पडल्या. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सासूबाई होत्या, अक्षता होती, कॉलेजचे अध्यक्ष होते, सिद्धेश्वर होता. नोकरी कायम झाली. दारावर ‘डॉ.’ची पाटी लागली. केबिनच्या भिंतीवर काचेत मढवलेलं एक मोठं रंगीत पोस्टर लागलं: वरच्या चित्रात एकमेकींत घुसलेल्या कडा, म्हणजे चूक, खालच्या चित्रात एकमेकींना टेकलेल्या, म्हणजे बरोबर.

आणि सिद्धाप्पा? विम्याचं कार्ड नोकरीबरोबर गेलं. सरकारी दवाखान्यात थेंब कधी असायचे, कधी नसायचे. नसले की तो ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत परत यायचा. एका चादरीच्या दुकानात दारावर बसायला लागला होता. गिऱ्हाईक समजून खांबाला नमस्कार करतो म्हणून मालकाने वर्षभरात घरी बसवला.

दोन वर्षांनी खंडेनवमीच्या सकाळी तो कॉलेजात आला. त्याची बायको नागम्मा त्याचा हात धरून आली होती, काखेत पिशवी. महेश्वरीच्या केबिनच्या दारात त्याने चपला काढल्या आणि भलत्याच दिशेला तोंड करून हात जोडले.

"अक्कावरे, सिद्धाप्पा. वळकलं का?"

"या ना," महेश्वरी म्हणाली. तिने समोरची फाइल उगाच उघडली, पण त्याला दिसत नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा मिटली. "बसा."

"बसत न्हाय. माफी मागायला आलोय. दोन वरसं मनात सलतंय. तुमची आट वरसांची मेहनत म्या आडाण्यानं बुडवली. ही म्हणती, डोळं गेलं ते त्येचंच फळ. हत्याराची पूजा करून हत्याराचाच घात केला म्या." त्याने जोडलेले हात कपाळाला लावले. "माफ केलं म्हणा. मग मी मोकळा."

माणसाला एवढी सोपी संधी आयुष्यात क्वचित मिळते. एक वाक्य पुरेसं होतं. नोकरी आता कायम होती, पदवी कुणी काढून घेणार नव्हतं. महेश्वरीने पदर सावरला.

"झालं गेलं," ती म्हणाली. "मी कधीच माफ केलंय तुम्हाला."

सिद्धाप्पा हमसून हमसून रडला. नागम्माने पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. जायला वळता वळता तो थांबला.

"आन् ते अक्कावरे, हुशार कापड... त्येच्या कडा एकमेकींत घुसायच्या, ते नीट झालं का नंतर?"

"कुठल्या कडा?" महेश्वरी म्हणाली. "तसं काही नव्हतंच सिद्धाप्पा. तुम्हाला तसं दिसलं असेल."

"व्हय व्हय," तो घाईघाईने म्हणाला. "तवाच नजर गेली आसंल माजी."

नागम्मा मात्र भिंतीकडे बघत उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण डोळे चांगले होते. "हे काय वो येवडं मोटं चित्र?" तिने नवऱ्याला विचारलं. "दोन पट्ट्या हायत. येक लाल, येक निळी. वरच्या चित्रात एकमेकींत घुसल्यात. आन् खालच्यात बगा, कडंला कड टेकून हायत. वरच्यावर फुली मारलीया."

केबिनमधला पंखा फिरत होता. सिद्धाप्पा पोस्टरच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याला ते दिसत नव्हतं. त्याने हात पुढे करून भिंत चाचपली, काचेवरून बोटं वर नेली, खाली आणली.

"म्हंजे तवा मला दिसत हुतं की," तो म्हणाला.

महेश्वरीने टेबलावरचा नारळ बाजूला सरकवला. पुढे त्याच्याकडून ना शिवी आली, ना अक्कावरे. नागम्माने त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि दोघं कॉरिडॉरने गेली. सगळ्या लॅब बंद होत्या, यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या.

नारळ नव्या शिपायाने दुपारी फोडला आणि विभागात वाटला. महेश्वरीनेही एक तुकडा खाल्ला. नारळ गोड होता.